आबांचं पिठलं आणि केरेनचा बाजार

आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, घरात थापाडे म्हणून प्रसिद्ध होते. पाटण तालुक्यातलं आमचं गाव, जवळजवळ घरटी एक माणूस पलटणीत. आबा १९३६ साली बेळगावला भरती झाले आणि १९४० साली ३/५ मराठा पलटणीबरोबर बोटीनं सुदानला उतरले. तिथून हबशांच्या मुलखात. परत आल्यावर जन्मभर शेती केली आणि लढाईबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "पाणी न्हवतं." बस्स.

पण तीन गोष्टी ते हमखास सांगायचे. पहिली, तिकडे एका झाडाच्या पोटात देवीचं देऊळ आहे, माणूस वाकून आत जातो. दुसरी, इटालियन साहेबाच्या कोठीत पिवळ्या साबणाच्या वड्या सापडल्या, अंगाला घासल्या तर फेसच येईना, वास मात्र असा की दोन दिवस कोणी जवळ झोपेना. ते चीज होतं हे नंतर कळलं. आणि तिसरी, "आरं, त्या हबशांच्या मुलखात बी पिठलं खात्यात. आपल्या हुलग्याच्या पिठल्यावानी. आन् भाकरी न्हाई, ही एवढी आंबोळी."

या तिसऱ्या गोष्टीला जोडून एक शेपूट असायचं. केरेनच्या लढाईत दंडात छर्रा लागल्यामुळे आबांना काही दिवस मागे अस्मारा गावात ठेवलं होतं. तिथे एका बाईच्या घरी ते जेवायला जायचे. दारात दुभती गाय बांधलेली, पण ती बाई चहाला थेंबभर दूध देत नसे, पिठल्यावर तूप नाही, स्वतःच्या पोरांनाही नाही. "लई गरीब लोकं," आबा म्हणायचे. माझी काकी पदराआडून हसायची. गाय दारात आणि म्हणे गरीब! एकतर बाई चिक्कू, नाहीतर म्हातारा थापा मारतोय. काकीचं मत दुसऱ्या बाजूला होतं.

आबा १९९४ साली गेले. त्यानंतर दहा वर्षांनी मी अस्मारात उभा होतो.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्यात १९९८ ते २००० असं युद्ध झालं. वाद सीमेचा, बादमे नावाच्या एका उजाड गावापासून सुरू झालेला, पण माणसं हजारोंनी मेली. जुलै २००० मध्ये सुरक्षा परिषदेनं शांतिसेना उभी केली आणि डिसेंबरमध्ये अल्जीयर्स इथे करार झाला. एरिट्रियाच्या बाजूला २५ किलोमीटर रुंदीचा पट्टा सैन्यमुक्त ठेवायचा आणि त्यावर निळ्या टोप्यांनी नजर ठेवायची, असं ठरलं. आपल्या फौजेची बटालियन आणि इंजिनिअर त्यात होते. २००४ च्या सुरुवातीला मी हवालदार म्हणून एका छोट्या तुकडीबरोबर अस्मारात होतो. काम राशन आणि गाड्यांचं. हुद्दा लहान असला तरी राशनवाल्याला एक फायदा असतो. बाजार कुठे आहे, कांदा कुठे चांगला मिळतो, हे त्याला अधिकृतपणे शोधावं लागतं.

अस्मारा समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंच आहे. महाबळेश्वरहून बरंच वर. पहिले आठ दिवस जिना चढताना धाप लागते. शहर पाहून मात्र आपण आफ्रिकेत आहोत असं वाटत नाही. १८९० पासून हा मुलूख इटलीची वसाहत होता आणि १९३५ साली मुसोलिनीनं इथिओपियावर स्वारी केली तेव्हा सगळी रसद इथूनच गेली. पाच-सहा वर्षांत इटालियनांनी शहर नवं करून टाकलं. सिनेमा थिएटरं, कॉफीची दुकानं, विमानाच्या आकाराचा पेट्रोल पंप. तो पंप १९३८ चा आहे आणि त्याचे दोन पंख खांबांच्या आधाराशिवाय हवेत तरंगतात. मुख्य रस्त्यावर संध्याकाळी सगळं गाव नटूनथटून फेऱ्या मारतं, अगदी सांगलीच्या गणपती पेठेत दिवाळीच्या आधी मारतात तसं. कॉफीच्या दुकानात म्हातारे दुधाच्या फेसाची माक्यातो घेत बसलेले. इटालियन राजवटीत स्थानिक माणसाला या रस्त्यावरच्या दुकानात बसायची मुभा नव्हती. काळ्या-गोऱ्यांच्या वस्त्या कायद्यानं वेगळ्या केलेल्या होत्या. आता तीच खुर्ची, तोच कप, आणि बसलेला मात्र घरचा धनी. मला तिथली कॉफी त्यामुळे जरा जास्तच आवडायची.

पण माझा खरा मुक्काम असायचा मेदेबरमध्ये. ही अस्माराची जुनी सराई. एका कमानीतून आत गेलं की कानठळ्या बसतात. शेकडो माणसं पत्र्यावर हातोडे मारत असतात. तेलाच्या पिंपाची चूल, मोडक्या गाडीच्या पत्र्याची तवी, जुन्या टायरची चप्पल. टाकाऊ असं तिथे काही नसतंच. तीस वर्षं, १९६१ ते १९९१, हे लोक स्वातंत्र्यासाठी लढले आणि बाहेरून फारशी मदत नव्हती, तेव्हा ही सवय कुठून आली ते कळतं. आपल्या ईएमईच्या कारागिराला तिथे नेलं असतं तर तो बाहेर आलाच नसता.

मेदेबरच्या एका अंगाला मिरच्या कुटण्याच्या गिरण्या आहेत. पन्नास पावलांवरूनच ठसका लागतो. बायका मिरच्या वाळवून, देठ काढून आणतात आणि बेरबेरे कुटून नेतात. बेरबेरे म्हणजे त्यांचा कांदा-लसूण मसाला म्हणा ना. लाल मिरची, लसूण, आलं, धणे, मेथी, वेलदोड्याच्या जातीचं एक मोठं बोंड, आणि ओवा. होय, आपला ओवा. मी वास घेऊन ओळखला तेव्हा गिरणीतल्या बाईला इतका आनंद झाला की तिनं पसाभर ओवा माझ्या रुमालात बांधून दिला. मला ती "हिंदी" म्हणायची. तिकडे हिंदी म्हणजे भारतीय. हिंदी सिनेमे तिथे पूर्वीपासून चालतात आणि राजा हैले सेलासीच्या काळात भारतातून शाळामास्तर मोठ्या संख्येनं गेले होते, त्यामुळे आपल्याविषयी लोकांच्या मनात एक ओळख असते. आम्हाला ती आयतीच मिळाली.

तिथेच मागच्या गल्लीत एक खानावळ होती. चार बाकडी, एक चूल. चालवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या. सगळे त्यांना अदेय म्हणत. त्यांच्या तिग्रिन्या भाषेत अदेय म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागलो. एका बुधवारी दुपारी तिथे गेलो आणि मटणाचं झिग्नी मागितलं. अदेयनं मान हलवली. आज नाही. समोर आला मातीचा बुडकुला, आत रटरट उकळणारं काहीतरी तपकिरी-लाल. सोबत परातीएवढी, जाळीदार, आंबूस वासाची तैता. तैता म्हणजे इथिओपियात ज्याला इंजेरा म्हणतात ती. तेफ नावाच्या राजगिऱ्याहूनही बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून, मोठ्या तव्यावर एकाच बाजूनं भाजलेली. आंबोळीच, दुसरा शब्द नाही.

मी तुकडा मोडला, बुडवला, तोंडात घातला, आणि घास तोंडातच राहिला.

हुलग्याचं पिठलं. बेसनाचं नव्हे. बेसनाच्या पिठल्यात पीठ कच्चं असतं. आमच्याकडे हुलगे आधी भाजतात, मग दळतात, म्हणून त्या पिठल्याला एक खरपूस वास असतो. तोच वास. अदेयनं पिठाचा डबा दाखवला. त्याला शिरो म्हणतात. हरभरा, कधी वाटाणा किंवा घेवड्याच्या जातीची शेंग, भाजून, त्यातच बेरबेरे आणि लसूण घालून दळून ठेवायचं. कांदा तेलावर परतायचा, पाणी घालायचं, पीठ वैरायचं. मोहरी नाही, हळद नाही, हिंग नाही. बाकी सगळं आपलं.

कोणी कोणाकडून शिकलं असेल, असा प्रश्न मला नंतर पुष्कळांनी विचारला. माझं मत, कोणीच नाही. हरभरा दोन्हीकडे फार जुना. मिरची दोन्हीकडे परकी, अमेरिका खंडातून आलेली, सोळाव्या शतकानंतरची. कोरडवाहू डोंगरी मुलखात डाळीचं पीठ, तिखट आणि पाणी एवढंच हाताशी असेल तर बाई दुसरं करणार तरी काय? ये-जा मात्र खरी होती. मसावा बंदरात गुजराती बनिया व्यापारी कित्येक पिढ्या मोत्यांचा आणि कापडाचा व्यवहार करत. आणि उलट दिशेनं याच हबश भूमीतून विकला गेलेला एक मुलगा दख्खनमध्ये येऊन मलिक अंबर झाला. आपण जंजिऱ्याच्या मुलखाला हबसाण म्हणायचो ते उगीच नाही.

जेवण झाल्यावर मी माक्यातो मागितली. अदेय म्हणाल्या, काळी घ्या. दूध आहे का नाही? आहे, पण त्या हात लावणार नाहीत. मग शेजारी बसलेल्या एका निवृत्त शाळामास्तरांनी इंग्रजीत समजावलं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणूस बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतो. उपास म्हणजे मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, लोणी-तूपही नाही. आणि ईस्टरच्या आधीचे ५५ दिवस तर रोजच. सध्या तोच मोठा उपास चालू आहे. श्रीमंत असो वा गरीब, घरात शिरोच शिजतो.

आमच्या लंगरात मंगळवारी मटण नसतं, त्यामुळे वार पाळणं मला नवं नव्हतं. मी मान डोलावली, काळी कॉफी घेतली, पैसे दिले. मेदेबरच्या कमानीपर्यंत आलो आणि तिथे थबकलो.

दारात गाय. चहाला दूध नाही. पिठल्यावर तूप नाही. पोरांनाही नाही.

तारखा जुळवायला मला चार दिवस लागले. केरेन पडलं २७ मार्च १९४१ ला. अस्मारा १ एप्रिलला हाती आलं. त्यांच्या पंचांगानुसार त्या वर्षीचं ईस्टर २० एप्रिलला होतं, तेव्हा मोठा उपास सुरू झाला २४ फेब्रुवारीला. म्हणजे आबा अस्मारात होते ते सगळे दिवस, एकही दिवस न सुटता, उपासाचे होते. ती बाई गरीब नव्हती. निदान दुधापुरती तरी नव्हती. चिक्कूही नव्हती. तिच्या दारी आलेल्या परक्या, जखमी शिपायाला ती स्वतःच्या ताटातलंच वाढत होती. आणि आबा थाप मारत नव्हते. त्यांना फक्त कारण कळलं नव्हतं, भाषा येत नव्हती. पुढची पन्नास वर्षं ते त्या बाईला गरीब समजून हळहळत राहिले आणि आम्ही त्यांना हसत राहिलो.

पुढच्या सोमवारी मी परवानगी काढून केरेनला गेलो. सोमवार अशासाठी की त्या दिवशी तिथे गुरांचा बाजार भरतो. अस्मारापासून रस्ता ९० किलोमीटर, सारखा उताराचा. वाटेत एलाबेरेदला इटालियनांनी वसवलेल्या मोठ्या फळबागा लागतात. थंडी मागे पडते आणि दोन तासांत घाम सुरू होतो.

केरेन चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे. पश्चिमेकडून, सुदानच्या बाजूनं यायचं तर डोंगोलास नावाच्या खिंडीतूनच. इटालियनांनी ती खिंड सुरुंगानं उडवून बंद केली आणि दोन्ही अंगाच्या शिखरांवर ठाण मांडलं. ३ फेब्रुवारी ते २७ मार्च अशी ही लढाई चालली. आधी आपली चौथी डिव्हिजन, मग पाचवीही. खाली उघडा माळ, वर खडक, मध्ये काटेरी झुडपं, आणि ऊन. गोळी, ग्रेनेड, पाणी, सगळं माणसाच्या पाठीवरून आणि खेचरांवरून वर न्यायचं. लढणाऱ्यांइतकेच हात ओझी वाहण्यात गुंतलेले. राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम यांना इथल्याच पराक्रमासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १५ मार्चच्या रात्री ३/५ मराठा आणि ३/१२ फ्रंटियर फोर्स यांनी डोलोगोरोडॉक किल्ल्याच्या वाटेवरच्या टेकड्या घेतल्या आणि १६ च्या सकाळी वेस्ट यॉर्कशायर पलटणीनं किल्ला. पुढे दहा दिवस इटालियनांनी तो परत घ्यायला एकामागून एक हल्ले केले, पण हाललं कोणी नाही. आपल्या बाजूचे पाचशेहून जास्त मेले आणि तीन हजारांहून जास्त जखमी झाले. त्या तीन हजारांत एक छर्रेवाला दंड आमच्या घरचा.

मी रस्त्यावरून त्या टेकड्या पाहिल्या. वर चढायचा मोह झाला, पण गेलो नाही. त्या देशात डांबरी सोडून पाय टाकायचा नाही, ही आमची पहिली शिकवण होती. सुरुंग कोणी, कधी पेरला याचा हिशेब तिथे कोणाकडेच नव्हता. खालून पाहिलं तरी आबांचं "पाणी न्हवतं" पुरतं समजलं.

बाजार कोरड्या नदीपात्रात. उंट, गाढवं, शेळ्या, बैल. उंटाच्या तोंडात हात घालून दात बघणारे म्हातारे आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव करणारे दलाल शोधत होतो, म्हसवडच्या यात्रेत असतात तसे. रुमाल दिसला नाही, भाव सगळ्यांच्या तोंडावर, मोठ्यानं. बिलेन बायकांच्या नाकात सोन्याच्या जाड कड्या. टोपल्या, सरपणाच्या मोळ्या, मातीच्या कॉफीच्या सुरया. एका सावलीत एक बाई कच्च्या कॉफीच्या बिया कोळशावर भाजत होती. भाजताना त्याचा धूर हातानं आपल्याकडे ढकलतात, वास घ्यायला. मग कुटायच्या, आलं टाकून सुरईत उकळायच्या, आणि तीन वेळा कप भरायचे. पहिला घेऊन उठलात तर अपमान. सोबत मक्याच्या लाह्या. मी तिन्ही घेतले. शेजारचा उंटवाला खुणेनं विचारत होता, तुमच्याकडे उंट आहेत का? मी सांगितलं, आहेत, बीएसएफकडे. त्याला किती समजलं कुणास ठाऊक.

बाजारापासून थोडं बाहेर ते झाड आहे. गोरखचिंचेचं, अवाढव्य, आणि खरंच त्याच्या पोटात मरियमची मूर्ती. मरियम देआरित म्हणतात. लढाईत शिपाई त्याच्या ढोलीत लपले, वर तोफगोळा पडला, तरी झाड आणि माणसं वाचली, असं तिथे सांगतात. मी वाकून आत गेलो. आबांनी सांगितलं होतं त्याप्रमाणेच वाकावं लागतं.

शेवटी युद्धस्मारकात गेलो. एका बाजूला थडग्यांच्या रांगा, आणि दहन झालेल्या हिंदू-शीख जवानांसाठी वेगळं स्मारक. नावं पलटणवार कोरलेली. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या मथळ्याखालची मी मोठ्यानं वाचली, कारण ती नावं त्या गावात मराठी उच्चारात कोणी वाचली असतील की नाही, शंका होती. इंग्रजी स्पेलिंगमुळे काही अडनावं ओळखायलाच वेळ लागला. दोन-तीन तर आमच्या आसपासच्या गावांतली वाटली. राखणदार लांबून बघत उभा होता. माझं वाचून झाल्यावर त्यानं पाण्याचा मग आणून दिला.

रजेवर येताना अदेयकडून दोन किलो शिरो बांधून घेतला. पुण्याच्या स्टेशनवर पिशवी फुटली आणि अर्धा किलो हमालाच्या डोक्यावर गेला. बिचारा ठसकत राहिला. उरलेला घरी पोचला. काकी तेव्हा पंचाहत्तरीची, दिसायला कमी, पण चुलीवरचा हात तसाच. मी सांगितलं तसं तिनं कांदा परतला, पाणी टाकलं, पीठ वैरलं. मोहरी घालू नको म्हणून तीनदा बजावलं तरी घातलीच. भाकरीबरोबर सगळ्यांनी खाल्लं. मग मी गाईची गोष्ट सांगितली. उपास, ५५ दिवस, २४ फेब्रुवारी, २० एप्रिल. झाडाच्या पोटातल्या देवीचा फोटो दाखवला.

काकी बराच वेळ काही बोलली नाही. ताटातलं पिठलं बोटानं पुसून घेतलं, पदराला हात पुसला, आणि म्हणाली, "मंग ते साबणाचं बी खरंच असंल की रं."